स्क्रीनवरची हळद

हळदीच्या पाटावरून नवरीने हात केला. "दादा, दाखवा ना एक."

मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. मी फोटो रॉ काढतो. आत सगळे रंग कच्चे राहतात, नंतर घरी हवे तसे करता येतात. मागच्या स्क्रीनवर दिसतो तो फक्त आपण निवडलेल्या सेटिंगचा रंग. गेल्या साली दुसऱ्या एका लग्नात मी तो साधा, फिका ठेवला होता; मला त्यात उजेड नीट कळतो. तर तिथल्या नवरीचा मामा स्क्रीन बघून भर मांडवात ओरडला, "अहो, हळद लावलीय की पीठ?" सगळे हसले. त्या घरातलं पुढचं लग्न दुसऱ्याला गेलं. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेला, भावात एक रुपया न सोडणारा मी, त्या हसण्यापायी यंदा भडक सेटिंग लावून आलो होतो.

हळद झळाळत होती. नवरीचा चेहरा मात्र उतरला. "मी एवढी काळी दिसते?"

"अगं, हा खरा नाही. खरा आत आहे."

"मग खोटा कशाला दाखवता?"

त्या मामावरचा राग हिच्यावर निघणार होता, तो गिळला. सेटिंग लगेच सौम्य केलं. पण त्यानंतर मी कॅमेरा उचलला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

आता घरी एकेक फोटो उघडतोय. हळद हवी तेवढी पिवळी होते, चेहऱ्याला तिचा स्वतःचा रंग परत येतो. ओठ मिटलेलेच राहतात.