झऱ्यापाशी बायका काय सांगायच्या

सोलापुरात कुठला आलाय डोंगर, असं म्हणून जुळे सोलापुरातले माझे सकाळी फिरायला येणारे मित्र हसतात. हसू देत. जिल्ह्याच्या पार टोकाला, मेंढरांच्या आणि बोरी-बाभळींच्या मुलखात आमचा डोंगर आहे. कोकणातला माणूस त्याला टेकाड म्हणेल. पण आम्ही डोंगरावरचे आणि बाकीचे खालचे, एवढा फरक आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पुरला.

वरची वस्ती एका बाईनं वसवली. दुष्काळात ती मेंढरं घेऊन आली. पोटुशी होती, आणि पोराचा बाप कोण हे तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. खालच्या गावांनी तिला आडावर येऊ दिलं नाही, म्हणून ती वर चढली. डोंगरावरची सगळी घरं तिच्यापासूनची. खालचे आम्हाला ‘बाईची माणसं’ म्हणायचे आणि आम्हीही तसंच सांगायचो. माझ्या लहानपणी त्यात कुणाला लाज वाटत नव्हती.

ही गोष्ट घरात बसून सांगायची नाही. जत्रेच्या दिवशी चढ चढता चढता सांगायची. विसाव्याचा दगड आला की सगळ्यांनी टेकायचं, म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी तिथला तुकडा सांगायचा. इथं बाईनं खांद्यावरचं कोकरू खाली ठेवलं. इथं तिचा भाऊ समजूत घालायला आला, त्याला तिनं आल्या पावली परत लावलं. इथं तिला कळा सुरू झाल्या. असं ऐकत देवळापर्यंत पोचायचं आणि तिथं बाप्यांनी थांबायचं. पुढं झऱ्यापर्यंत फक्त बायका जायच्या. झऱ्यापाशी काय झालं ते बायकांनी बायकांनाच सांगायचं, असा दंडक. परत येताना आईचे डोळे लाल असायचे. मी विचारलं की म्हणायची, “तुला रं काय करायचंय? तू बाप्या की.” आणि ढोल सुरू व्हायचा.

आई गेली. मी उभा जन्म कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद लावले. निवृत्त झाल्यावर डोक्यात आलं, आपल्या डोंगराचं काही राहिलं पाहिजे. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, ते माझ्यासारख्यांनाच. मोबाईलवर मी माझ्याच आवाजात जेवढं ठाऊक होतं तेवढं बोलून ठेवलं. कोकरू, भाऊ, कळा. कळांपाशी येऊन थांबलो. पुढं मला काही माहीतच नव्हतं. आपण कुणापासून झालो हे सांगणारी गोष्ट, आणि तिचा शेवटच आपल्याजवळ नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. जगली का ती? मेली का? पोर कुणी वाढवलं?

शेवट जिला विचारावा अशी माझ्या जवळची एकच बाई राहिली होती, माझी चुलती. झऱ्यावर बायकांना तीच न्यायची. मी गाडी काढली आणि वर गेलो. आता वर डांबरी रस्ता आहे. विसाव्याचे दगड रस्त्याच्या भरावात गेले. वस्तीच्या तोंडाशी नवी कमान उभी आहे, तिच्यावर घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला कुणी सरदार. हे कोण नवीन पाहुणे, असं मनात म्हणत मी पुढं गेलो.

काकी ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. चहा झाला. मी मोबाईल पुढं ठेवला आणि म्हटलं, “काकी, बाईची गोष्ट सांग.”

काकीनं घसा साफ केला आणि सुरू झाली. राजानं खूश होऊन आमच्या मूळ पुरुषाला हा डोंगर इनाम दिला. त्याच्याजवळ एवढे घोडे, एवढे भाले. शाळेतल्या पोरानं पाठ केलेलं म्हणावं तसं एका सुरात. बाई त्यात एकदाच आली, सरदाराला ओवाळायला.

“काकी, हे काय लावलंयस?” मी म्हटलं. “हे कुठनं आलं?”

ती थांबली. मोबाईलकडं बोट करून म्हणाली, “ते बंद कर आदी.” बंद केल्यावर म्हणाली, “ती गोष्ट आमी मोडली.”

मग हळूहळू सांगितलं. वस्तीतल्या एका पोरीची सोयरीक ठरली होती. खालच्या गावातल्या कुणीतरी पाहुण्यांचे कान भरले, की ह्या वस्तीला बापच न्हाय. सोयरीक मोडली. पोरीनं हाय खाल्ली. त्यानंतर देवळात बैठक बसली, आणि झऱ्यावर जाऊन आलेल्या बायकांसकट सगळ्या वस्तीनं भंडारा उचलला. देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मोडला तर वंश बुडतो, अशी धास्ती असते. शब्द काय दिला, तर बाईची गोष्ट इथून पुढं तोंडातनं काढायची नाही, कुणी विचारलं तर सरदाराची सांगायची.

कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. माझा पारा चढला. मी नको ते बोललो. म्हटलं, त्या बाईला खालच्यांनी पाणी दिलं नाही, आणि तुम्ही तिला तिच्याच डोंगरावरनं हाकललं. काकीनं हातातली लोकर बाजूला ठेवली.

“तुजं काय जातंय?” ती शेवटी म्हणाली. “तू सोलापुरात ऱ्हातुस. हितं पोरी आमाला द्यायच्यात.”

तिचं खरं होतं, म्हणूनच मला आणखी राग आला. मी उठलो. चपला घालत होतो तेवढ्यात ती मागनं म्हणाली, “तुज्या बायकूला ठावं हाय की.”

मी वळून बघितलं.

“नवी नवरी आलती तवा मीच नेलती झऱ्याला. समदं सांगितलंय तिला. तिनं कुटं भंडारा उचललाय?” एवढं बोलून तिनं मान खाली घातली आणि पुन्हा लोकर हातात घेतली. तिला जेवढं करता येत होतं तेवढं तिनं केलं, हे मला कळलं. मी तिच्या पाया पडलो.

खाली येताना मी वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही. एवढी वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवतोय तिच्याजवळच ते आहे, या आनंदात मी सोलापूर गाठलं. बायको स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होती. ती शहरात वाढलेली, बँकेत नोकरी केलेली. मी गॅस बंद केला आणि तिला बसवलं. काकी काय म्हणाली ते सांगितलं.

ती आठवायला लागली.

“अहो, ऊन किती होतं त्या दिवशी,” ती म्हणाली. “देवाला म्हणून अनवाणी नेलं होतं. पाय भाजत होते नुसते. नऊवारीची सवय नाही, निरी सुटेल म्हणून जीव मुठीत धरलेला. काकी भरभर बोलत होत्या, मला निम्मं कळतच नव्हतं. सगळ्या बायका रडल्या, म्हणून मीही पदर डोळ्यांना लावला.”

“पण झालं काय शेवटी?”

“मला वाटलं, नव्या सुनेला काहीबाही सांगतात, तसं काहीतरी असेल.” ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचा आवाज बारीक होत गेला. “पाण्याचं काहीतरी होतं.”

तिच्यावर चिडावं तरी कसं? कोवळं वय, परकी माणसं, परकी बोली. मी न्हाणीघरात गेलो आणि बादलीत नळ सोडून रडलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

काकी अजून आहे. सगळं तिच्या पोटात आहे, आणि ते तिच्याबरोबर जाणार. मी पुन्हा वर जाऊन तिला गळ घातली असती, पण देवाच्या हळदीवर दिलेला शब्द म्हातारीला मोडायला लावण्याएवढा मी निर्लज्ज नाही. वस्तीतल्या नव्या सुनांना आता झऱ्यावर कुणी नेत नाही. मोबाईलमधला माझा आवाज अजून कळांपाशीच थांबतो.

परवा मेथी निवडता निवडता बायको आपणहून म्हणाली, “तिला मुलगी झाली, बघा. आणि ती पाजायला बसली तेव्हा खडकातून पाणी आलं. असंच होतं ते.”

मी हातातलं ठेवून तिच्याकडं बघितलं. “खरंच आठवलं तुला?”

तिनं आणखी दोन जुड्या निवडून संपवल्या.

“नाही हो,” ती म्हणाली. “पण तुम्ही किती दिवस झाले, धड जेवत नाही.”