तेलीबांध्याच्या भिंतीवरची वनमाला

रायपुरात काही नर्सिंग होमवाल्यांची एक रीत होती. नर्स कामाला लागली की तिचा नोंदणीचा अस्सल दाखला डॉक्टर आपल्या कपाटात ठेवून घ्यायचे. कागद अडकला की पोट्टी पळत नाही, एवढा साधा हिशेब. बूढापारा मोहल्ल्यात डॉक्टर दिवाकरांच्या नर्सिंग होमात लागताना वनमाला हेडाऊनंही तो मुकाट्यानं देऊन टाकला होता.

ती एएनएम, म्हणजे सहायक नर्स. रीतसर शिकलेली, परीक्षा पास, भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलात नाव. आता नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि ते नाव इथल्या कौन्सिलात चढवायचं होतं. अस्सल कागदाशिवाय ते चढणार नव्हतं, आणि नाव नसलं तर नर्स म्हणून कुठंच उभं राहता येणार नव्हतं. डॉक्टर मात्र रोज म्हणत, कपाटाची चावी सापडत नाही.

मग एका दुपारी ड्रेसिंगला आलेली म्हातारी म्हणाली, "तोर फोटू तेलीबांधा म टंगाय हे, दीदी."

आपला फोटो, आणि तेलीबांध्याला टांगलेला? वनमालाच्या हातातला चिमटा तिथंच थांबला. शहरातल्याच तेलीबांधा भागात डॉक्टरांनी दुसरं, नवं नर्सिंग होम काढलं होतं. तिनं तिथं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

ड्यूटी संपताच तिनं ऑटो पकडला. काउंटरमागं, काचेच्या चौकटीत, तिचाच दाखला. तिचा फोटो, तिचा नोंदणी नंबर; तपासणीला कोणी आलं तर इथली नर्स म्हणजे तीच. आणि आतल्या खोलीत पांढरा ड्रेस घातलेली एक पोट्टी, रूपाली, सिरिंज भरत होती. खाटेवर तापानं फणफणलेली बाई, उशाशी तिचा नवरा.

"कोणी सांगतलं?" वनमालानं विचारलं.

"सर ने फोन पे बोला. सीधा नस में."

"हे औषध हिले आधी कधी देलं होतं? अंगावर उठलं तर?"

"वो सर देखेंगे ना. आप कौन?"

वनमालानं तिला दंडाला धरून काउंटरपाशी आणलं. "ही मी. तू सुई टोचून राहिली ना, ते माझ्या नावानं. बाईले काही झालं तर पोलीस या फोटोले शोधत येतीन."

रूपालीनं फोटोशी तिचा चेहरा ताडून पाहिला. मग म्हणाली, "तो आप ही लगा दो. आप तो पास हो."

"लगा दो न दीदी," नवरा दारातून म्हणाला. "बहुत तप रही है."

बूढापाऱ्यात लोक वनमालाला 'छोटी डॉक्टर' म्हणायचे, आणि ती म्हणू द्यायची. त्यामुळं पुढचं वाक्य म्हणणं तिला जड गेलं.

"मलेबी नाही चालत, भैया. नसेतली पहिली सुई डॉक्टर हजर असल्याबिगर नाही. माझं शिक्षण तेवढंच आहे."

तिनं चौकट उतरवली, मागचे खिळे वाकवून दाखला काढला, पर्समध्ये घातला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"तू तिथं काय करून राहिली?"

"दाखला काढला, सर. बाईजवळ बसतो. तुम्ही या, मग जातो. नाही आले तर हिले सरकारी दवाखान्यात नेतो."

फोन आपटल्याचा आवाज आला. डॉक्टर येतील की कागद हिसकायला माणसं पाठवतील, तिला ठाऊक नव्हतं. निघून जाणं सोपं होतं, पण मग बाई आणि सिरिंज दोन्ही रूपालीच्या हाती. ती बसली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, नाडी पाहिली. पर्स मांडीखाली दाबून धरली होती. बाहेर गाडीचं दार वाजलं तेव्हा तिनं पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला.

डॉक्टर एकटेच आले. बाईला तपासलं, थोडंसं औषध टोचून अंगावर उठतं का ते पाहिलं, मग सुई स्वतः लावली. हात पुसून तो तसाच वनमालापुढं केला.

"कागद."

"माझा आहे, सर."

"तुझ्यापायी उद्या हे नर्सिंग होम बंद पडल."

"काहून पडल? शिकलेली नर्स ठेवा ना."

डॉक्टरांनी बाईच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो सगळं ऐकत उभा होता. डॉक्टरांचा हात मागं गेला.

"उद्यापासून येऊ नको."

"उद्या मले कौन्सिलात जायचं आहे," ती म्हणाली आणि निघाली.

काउंटरवर रूपाली बसली होती. "और मेरा क्या, दीदी?" तिनं विचारलं. पर्स छातीशी धरून वनमाला रस्त्यावर आली.