वरच्या फळीवरची बॅटरी

माझा दोस्त इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलारला, आमच्या शेताच्या बांधावर उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा, रुबीनाचा. "दामूकाका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी तसाच निघालो. त्याच्या निजामपुऱ्यात पोचलो तर गल्लीतल्यांनी त्याच्यासाठी कापडाचे लूम बंद ठेवलेले. ती शांतता मला सहन होईना. आता चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला, पण माझा राग जात नाही. साठीच्या आत जायची काय घाई होती त्याला?

स्वतःचे लूम विकून या माणसाने जुनी बोट घेतली तेव्हा त्याला वेड्यात काढणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होतो. आणि मासळीला खाडीत जायचं म्हटलं की बोटीत चढायलाही मीच पुढे. अशाच एका दुपारी इंजिनाचा दांडा पंख्याकडे बाहेर जातो, तिथून पाणी आत यायला लागलं. पाणी उपसायचे पंप दोन, म्हणून आम्ही निर्धास्त. पण दोन्ही एकाच बॅटरीवर, आणि बॅटरी तळाशी. पाणी आधी तिच्यापर्यंतच पोचलं. इंजिन बंद, दोन्ही पंप गप्प. बादली आणि डबा घेऊन आम्ही उपसत राहिलो. पाण्याच्या ओढीने बोट काठच्या चिखलात रुतली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मी हसायला लागलो, तो हसला नाही. "लाइट जाते म्हणून कारखान्यात जनरेटर ठेवला होता," तो म्हणाला. "इथे माझी अक्कल कुठे गेली होती?"

त्यानंतर त्याने दुसरी बॅटरी आणली आणि थेट केबिनच्या टपाखाली, वरच्या फळीवर घट्ट बांधली. तिची वायर वेगळी, बटण वेगळं, आणि एक पंप फक्त तिच्यावर. एवढ्यावर थांबेल तर तो इक्बाल कसला. दर हंगामाला बोट काढण्याआधी तो खालच्या बॅटरीची वायर सोडायचा आणि स्वतःच्या हाताने बोटीत बादल्या ओतायचा. वरच्या बॅटरीने ते पाणी बाहेर फेकलं, तरच बोट निघणार. काठावरचे कोळी म्हणायचे, "बोटीत पानी वततंय, डोकं ठिकाणावर हाय का न्हाय?" इक्बाल म्हणायचा, "बुडायची तर इथे बुडू दे. इथून चालत घरी जाता येतं."

आजारपणात शेवटचं वर्षभर तो काठावर आलाच नाही. चाळिसावा झाल्यावर रुबीनाने सांगून टाकलं, "बोट मी चालवणार." तिच्या चाचांना ते पटलं नव्हतं, तरी पहिल्या दिवशी तेही काठावर आले. डिझेल, बर्फ, सगळं भरून झालं होतं. रुबीनाने खालची वायर सोडली, बादल्या ओतल्या, वरचं बटण दाबलं... पंप हलला नाही. चाचा म्हणाले, "खालच्या बॅटरीचा पंप चालू हाय ना? चल, निकल. लोक बघतात."

"बघू द्या," ती म्हणाली. "आज बोट नाही निघणार."

बर्फ तिने स्वतः उतरवला. वायरीचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने नवी वायर घातली आणि बादली माझ्या हातात दिली. मी पाणी ओतलं, पंप सुरू झाला, धार बाहेर पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता निघायचं. रुबीना वाकून तळाशी बघत होती. तळ कोरडा झाला, तशी ती न हसता म्हणाली, "काका, पुन्हा ओता."