चार तुकड्यांचा शर्ट

तुमच्या गावाच्या कबड्डी संघाचा शर्ट पहिल्यांदा कुणी शिवला, हे तुम्हाला सांगता येईल का? कप्तान कोण होता, ढाल कुणी दिली, कमानीवर कुणाचं नाव होतं, हे सगळं आपण सांगू. शर्टाचं मात्र कुणी विचारत नाही. मी सांगू शकतो. आमचा शर्ट चिमाआत्यानं शिवला. आणि तो बदलायला निघाले तेव्हा काय झालं, तेही मी पाहिलं आहे.

सामना असला की आत्या मैदानाच्या मधल्या रेषेपाशी, आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या बाहेर हातभर अंतरावर बसायची. पदराला सुई टोचलेली, कमरेला कात्री. पकडीत कुणाचा शर्ट फाटला की तो गडी पळत तिच्याकडे यायचा. ती आधी जमिनीवरची गवताची काडी उपटायची. "धर दातात." अंगावरचा कपडा शिवताना दातात काडी धरायची, असा तिचा नियम होता. "बिनकाडीचं मढ्याच्या अंगावर शिवत्यात. तू अजून जित्ता हायेस ना?" गडी दातात काडी धरून धापा टाकत उभा राहायचा. चार टाके, मग दातानं दोरा तोडून पाठीवर थाप. "पळ. आन पुन्यांदा मान खाली घालून चढाई करू नगं, बोका दिसतोस."

आत्या आमच्या गावची नव्हती. पश्चिमेला डोंगरात तिचं गाव होतं, भाताच्या खाचरांचं. ते धरणात गेलं. नव्वदीच्या सुरुवातीला सरकारनं त्या गावातली चाळीसेक घरं आमच्या शिवारात आणून बसवली. आमच्याकडच्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'धरणवाले'. ते ऐकलं की आत्या जागीच थांबायची. "धरन सरकारचं. आमी न्हाई धरनवाले. आमी पान्याखालचे." नवरा तिथं असतानाच वारला होता. सामानात तिनं आणलं होतं एक हातानं फिरवायचं शिलाई मशीन आणि अंगानं काटकुळा भाचा, किसन.

या किसनमुळेच सगळं सुरू झालं. आमच्या संघात वजनदार गडी होते, पण दम नव्हता. डोंगरातल्या पोरांना दम होता. किसन आणि आणखी दोघांना संघात घेतलं, पण शर्ट दिला नाही. आमचा शर्ट पिवळा, देवाच्या भंडाऱ्याचा. वसाहतीतली पोरं त्यांच्या बुडालेल्या गावाच्या संघाचे काळे शर्ट घालून खेळायची. काळा म्हणजे घोंगडीचा. निमगाव सावाच्या बाजूला एका स्पर्धेत पंचानं सांगितलं, सगळ्यांचे कपडे सारखे नसतील तर संघ बाद. संघ न खेळता परत आला.

त्या संध्याकाळी आमच्या चावडीपुढे वाद झाला. गावातले म्हणाले, त्या तिघांना पिवळे द्या, विषय संपला. आत्या उठून उभी राहिली. बायका चावडीवर बोलत नसत, आणि वसाहतीतली बाई तर नाहीच.

"पिवळा घातला की आमचा पोरगा तुमचा हुतो, आसं का?" ती म्हणाली. "मग काळा घातला की तुमची पोरं आमची हुत्याल का?"

तिनं चावडीवरच्या एकेकाकडे बघितलं.

"न्हाई ना? मग दोनी कापा. आना हिकडं."

तिनं खरंच दोन्ही कापले. लगेच दुसरं भांडण निघालं, छातीवर डावीकडे, काळजाच्या बाजूला, कुठला रंग? आठवडाभर गाव त्यावर भांडलं. आत्यानं शर्ट चार तुकड्यांत शिवून आणला. पुढे उजवीकडे पिवळा, डावीकडे काळा. मागे त्याच्या उलट. म्हणजे छातीवर, पाठीवर, दोन्ही कुशींना आणि दोन्ही खांद्यांवर, जिथं म्हणून शिवण येते तिथं पिवळा काळ्याला भेटायचा. कापड वाया जायचं, शिवणी दुप्पट यायच्या. ती म्हणायची, "जास्तीची शिवन माझ्या हाताला लागत्यी, तुमाला का जड हुतंय?"

पहिल्याच सामन्यात बाहेरगावच्या लोकांनी आमचं स्वागत केलं. "आली रं आली, रिक्षा आली! मीटर टाका!" पिवळा-काळा म्हणजे रिक्षाच की. आमचे गडी शरमले. आत्या रेषेवरून ओरडली, "बसा पावणं, आमी थेट घरी सोडतो!" त्या दिवशी किसननं एका चढाईत तिघांना बाद केलं, आणि आमच्या बाजूनं कुणीतरी तोंडानं हॉर्न वाजवला, पीप पीप. तेव्हापासून तीच आमची आरोळी झाली. बेल्ह्याच्या बाजारात गुरांच्या टेम्पोतून येणारे व्यापारीसुद्धा आम्हाला विचारायचे, "काय राव, रिक्षा यंदा कुठं चालली?" सुरुवातीला आमची माणसं मैदानाच्या एका बाजूला आणि वसाहत दुसऱ्या बाजूला बसायची. दोन-तीन वर्षांत कोण कुठं बसलंय हे कुणी बघेनासं झालं.

दोन हजार सालानंतर तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची नजर आमच्या संघावर गेली. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांनी यात्रेच्या स्पर्धेसाठी नवे शर्ट देऊ केले. चकचकीत नारिंगी, छातीवर त्यांचा फोटो, पाठीवर त्यांच्या प्रतिष्ठानचं नाव. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, मंडळाचे अध्यक्ष होते. ते खूश झाले. "रिक्षावाल्यासारखं किती दिवस फिरायचं?" म्हणाले. त्याच महिन्यात आबासाहेबांनी वसाहतीला नळाची लाईन मंजूर करून आणली होती. वसाहतीतल्या बायका दीड मैलावरून हंडे आणत. पाईपचा टेम्पो येऊन पाईप उतरलेही होते. वसाहतीत कुणी शर्टाबद्दल तोंड उघडणार नव्हतं, आणि का उघडणार नव्हतं हे गावाला ठाऊक होतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरात माळ्यावर वडिलांनी जमवलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. मोर्चांची, संपांची, परिषदांची. मी वाचायला शिकलो तो त्यांवर. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढंच मला कळत होतं. मी जुन्नरला जाऊन गुलाबी कागदावर पत्रक छापून आणलं. मथळा होता, 'काळा रंग पुसणारे तुम्ही कोण?' खाली सही, 'चिमाबाई व समस्त वसाहत.' जिच्यावर अन्याय झाला तिच्या नावानं बोललं म्हणजे धार येते, असं मला वाटलं. तिला विचारलं नाही. बाजारात मी स्वतः ते वाटलं.

तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. उतरवलेले पाईप चढवले आणि गेला.

त्या दुपारी आत्या आमच्या दारात आली. तिला वाचता येत नव्हतं. किसननं तिला पत्रक वाचून दाखवलं होतं. तिनं ते माझ्यापुढे धरलं.

"ह्यात माझं नाव कुठं हाय, बोट ठिवून दाव."

मी दाखवलं.

"ह्ये मी लिवलं?"

"नाही आत्या. पण तुमच्याच मनातलं..."

"माझ्या मनातलं माझ्या तोंडात यायचं का न्हाई, ते मी ठरविनार. तू कोन?"

तिनं कमरेची कात्री काढली आणि माझ्या बोटाखालची पट्टी, तिच्या नावाची, सरळ कापून घेतली. उरलेला कागद माझ्या हातात दिला. "ह्ये तुझं. आता खाली तुझं नाव लिही. लिवतोस का? चुलता अध्यक्ष हाय तुझा."

मी खिशातल्या पेनाला हात लावला नाही. तिनं ती पट्टी चोळीत खोचली आणि निघून गेली. आजवर मला कुणी त्याहून मोठी चपराक मारलेली नाही.

यात्रेतली अंतिम लढत शाळेच्या मैदानावर होती. मांडवात आबासाहेब, शेजारी नाना. आमचे गडी नारिंगी शर्ट घालून मैदानात उतरले. वसाहतीतली माणसं एका कडेला एकत्र बसली होती, पहिल्या वर्षासारखी, नजरा खाली. आत्या तिच्या जागी होती. नेहमी ती जमिनीवर बसायची, त्या दिवशी एका गाठोड्यावर बसली होती.

सामना सुरू झाला. किसननं पहिलाच गुण आणला. एक टाळी नाही. मग आमच्या गावातल्या बाजूनं, कोपऱ्यातून कुणीतरी हळूच वाजवलं, पीप. दुसरीकडून, पीप पीप. रिक्षा म्हणून ज्या शर्टाची थट्टा झाली होती, तो शर्ट माणसं मागत होती. मांडवात नाना उठून हात हलवू लागले. "ए, गप्प बसा रं! पावणं बसल्यात!" आवाज वाढतच गेला. गडी बिथरले. दोन पकडी सुटल्या, आणि मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो.

आमचा कप्तान दत्ता, गावातलाच, सरळ आत्यापुढे येऊन उभा राहिला. "आत्या, जुने आनलेत ना? दे की."

"हायेत. बुडाखालीच हायेत."

"मग दे."

"कुनासाठी?"

"संघासाठी."

"मग माझ्याकडं कशाला मागतुस? तिकडं मांडवाकडं तोंड कर. माईकवर माग."

दत्तानं मांडवाकडे पाहिलं. त्याचा थोरला भाऊ आबासाहेबांच्या संस्थेत कामाला होता. "आत्या, तुमची लोकं बोलली तर बरं दिसंल. शर्ट तुमचा..."

"आरं, आमी मागितलं की आमचं पानी आडतं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आसपासच्या सगळ्यांना ऐकू गेला. "बघितलंस न्हवं परवा? तुमी मागितलं तर तुमचं काय आडतंय? दर येळंला आमीच का मागायचं? काळा आमचा आसंल, पर शर्ट दोघांचा व्हता. येक डाव तुमी मागा. आपल्या नावानं मागा."

मध्यंतराच्या पाच मिनिटांतली दोन-तीन गेली असतील. पंच घड्याळ बघत होते. दत्ता उभाच. मग तो चालत मांडवापर्यंत गेला आणि निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

"मी दत्ता. ह्या संघाचा कप्तान. आमाला आमचे चार तुकड्यांचे शर्ट घालायचेत. मी मागतोय. वसाहतीतल्या कुनी सांगितलं म्हनून न्हाई. मी मागतोय."

मी उठलो आणि माझं नाव सांगितलं. नानांच्या डोळ्याला डोळा देऊन. पत्रक मी लिहिलं, हेही सांगितलं. माझ्यामागे आणखी पाच जण उठले. तुम्हाला वाटेल सगळं गाव उठलं. नाही उठलं. जे मघाशी गर्दीत पीप पीप करत होते, त्यातले बहुतेक आपल्या चपलांकडे बघत होते. तोंडानं हॉर्न वाजवायला नाव सांगावं लागत नाही.

आत्या गाठोड्यावरून उठली. गाठ सोडली.

पंच म्हणाले, "सगळ्यांचे सारखे आहेत ना? नंबर आहेत ना? मग माझी हरकत नाही." दुसरा डाव आमचे गडी पिवळ्या-काळ्यात खेळले. दत्ताचा खांदा उसवला तेव्हा तो दातात काडी धरूनच तिच्याकडे पळत आला. आम्ही दोन गुणांनी हरलो. बक्षीस समारंभाआधीच आबासाहेबांची गाडी गेली.

पाईप आले नाहीत. दोन उन्हाळे आले नाहीत. आम्ही सहा-सात जणांनी आपापल्या नावानं अर्ज केले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं लाईन आली. त्या दोन उन्हाळ्यांत वसाहतीतल्या बायका दीड मैल चालल्या. माझ्या पत्रकापायी चालल्या. हे मी विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवतो. एकदा वाटेत एका शेजारणीनं आत्याला टोचलं, "काय गं चिमे, शर्टानं तहान भागली का?" आत्या म्हणाली, "न्हाई भागली. चल, उचल हंडा." वाद घालून ती मोठी झाली नाही आणि माफीही मागितली नाही.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. थंडीत ताप आला, चार दिवसांत संपलं. किसन तिच्या मशीनपाशी मला घेऊन गेला. मशीनवर एक शर्ट होता, पाच शिवणी झालेल्या, एक खांदा उघडा. मशीनच्या खणात गुलाबी कागदाची ती पट्टी होती, घडी घालून ठेवलेली. किसन म्हणाला, आत्या कधीकधी ती काढून अक्षरांवरून बोट फिरवायची. स्वतःचं नाव तिनं तेवढ्यावरून शिकून घेतलं होतं. लाईनसाठी वसाहतीनं दिलेल्या शेवटच्या अर्जावर तिनं अंगठा दिला नाही, सही केली. हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता मंडळात पुन्हा नवा शर्ट यायचा म्हणतात. एका रंगाचा, स्वस्त, धुवायला सोपा. वसाहत पुन्हा गप्प आहे. मी बैठकीला जाणार आहे.

तुम्हीही एक करा. तुमच्या गावाच्या शर्टाकडे, कमानीकडे, शाळेच्या भिंतीवरच्या नावांकडे एकदा नीट बघा. तिथून कुणाचं काही काढलं गेलं असेल, तर ज्याचं काढलं त्याच्या दारात जाऊन 'तुम्ही बोला की' म्हणू नका. तुमचं पाणी अडणार नाही. तुम्ही उठा, मांडवाकडे तोंड करून मागा, आणि कागद काढलात तर खाली स्वतःच्या नावानं सही करा.