पंप मी धुतला नव्हता

पंप मी धुतला नव्हता. एवढंच वाक्य होतं. ते बोलायला मला चार वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात एका बाईचं गाव सुटलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात शेतीच्या औषधांच्या एका दुकानात मी नोकरीला होतो. पाठीवरचा फवारणी पंप आणि बाटल्यांची पिशवी घेऊन कळमेश्वरच्या बाजूच्या गावांत जायचं, शेतात औषध मारून दाखवायचं, हे माझं काम. शेतकरी मला साहेब म्हणत. मला ते आवडायचं.

त्या पावसाळ्यात एक नवीन औषध आलं होतं. उभ्या भुईमुगात मारायचं. गवत तेवढं मरतं, भुईमुगाला काही होत नाही. तोवर भुईमुगातलं गवत म्हणजे बायांचं निंदण. फुलांखालच्या आऱ्या, म्हणजे शेंगा धरणारे कोंब, जमिनीत शिरल्या की खुरपं चालवता येत नाही, म्हणून त्याआधी बाया ओळीनं बसून शेत साफ करत. निंदलेल्या हिरव्या गवताचा भारा संध्याकाळी त्या डोक्यावर घरी नेत. त्यावर त्यांच्या बकऱ्या जगत. मजुरी ठरवताना त्या गवताचा उल्लेख कोणी करत नसे, पण तो बायांचा हक्कच होता.

त्या गावात दहाबारा निंदणाऱ्या बायांची एक म्होरकी होती. पंचेचाळिशीची, बौद्धवाड्यातली. सासऱ्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याचं ती ताठ मानेनं सांगायची. मी ज्या शेतात औषध मारून दाखवणार होतो, तिथे दरवर्षी तिच्याच बाया निंदायला असत. त्या दिवशी शेताच्या मालकानं निंदणाऐवजी तिला एकटीला बोलावलं होतं, विहिरीवरून औषधासाठी पाणी आणायला.

आता माझी चूक सांगतो. दोन दिवस आधी त्याच गावात मी ज्वारीवर औषध मारलं होतं. ते औषध अगदी उलटं. रुंद पानाचं तण मारतं आणि ज्वारीला सोडतं. भुईमूगही रुंद पानाचाच. म्हणून ज्वारीत वापरलेल्या पंपात धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, तो दोनतीनदा खंगाळायचा, मगच दुसऱ्या पिकात न्यायचा. हे मीच गावोगाव सांगत फिरायचो. ज्वारीत औषध मारून परतताना मात्र बस उशिरा मिळाली, अंग भिजलं होतं. घरी आल्यावर पंपात एक बादली साधं पाणी फिरवलं आणि तो कोपऱ्यात ठेवून दिला.

बघायला बरेच लोक जमले होते. आभाळ खाली आलेलं, वारा पडलेला. ती घागर टेकवत म्हणाली, "सगळं गवत मरन म्हणता साहेब. मंग माह्या बकऱ्या काय तुमची बाटली चाटतीन?"

"पाठव वं बकऱ्याले नागपूरले, साहेबाच्या दुकानात," मालक म्हणाला. लोक हसले.

तीही हसली. मग पंपात पाणी ओतायला वाकली आणि थांबली. "काहून जी, ह्या पंपाले परवाच्या जवारीतल्या औषधाचा वास येऊन राहिला." परवाही पाणी तिनंच आणलं होतं.

"तुले गवताचा वास कळते. औषधाचा काय कळते?" मालक म्हणाला.

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. झाकणावर माझा हात क्षणभर थांबला होता, हे मला आजही आठवतं. तेव्हाच पंप उलटा करायला हवा होता. पण साहेबाचा पंप न धुतलेला निघाला असता, इतक्या लोकांसमोर.

"पंप धुतलेला आहे," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी मी शेत बघायला गेलो. बांधावरून सगळं हिरवंच दिसत होतं, आणि तरी काहीतरी बिघडलंय असं वाटत होतं. आत गेलो. गवताचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. नव्या औषधानं आपलं काम केलं होतं. पण भुईमुगाचे देठ खाली वळले होते. पानं मुठीसारखी मिटलेली. शेंडे असे पिळलेले, की कोणीतरी एकेका रोपाजवळ बसून ते हातानं पिळलेत असं वाटावं. भुईमूग मरत नव्हता, वळत होता. ओळीमागून ओळ, मी ज्या क्रमानं पंप चालवला होता त्याच क्रमानं. पहिल्या ओळी सर्वांत वाईट.

मालक मागे येऊन उभा राहिला. "साहेब, हे काय होऊन राहिलं?"

मी एक रोप उपटून उगाच मुळं बघत बसलो. तोच पुढे म्हणाला, "पाणी तिनं आणलं होतं."

मी म्हणालो, "पाण्यात काही गेलं असेल, तर होऊ शकतं असं."

तिचं नाव मी घेतलं नाही. पुढे चार वर्षं मी स्वतःची समजूत घातली ती हीच.

त्या वाक्याचं काय होणार हे बसमध्ये बसतानाच मला कळलं होतं. गावात बोभाटा झाला, की औषध बदनाम व्हावं आणि बकऱ्यांचा चारा टिकावा म्हणून हिनंच पाण्यात काहीतरी कालवलं. गावच्या विहिरीवर तिला येऊ देईनात. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं पाणी हा विषय त्या गावात मिटला आहे असं वरवर वाटायचं. माझ्या एका वाक्यानं तो पुन्हा वर आला. तिच्या बायांना निंदायला बोलावणं बंद झालं. बकऱ्या विकल्या. दिवाळीच्या सुमारास मुलगा आणि सून मागे ठेवून ती गाव सोडून गेली. हे सगळं मला दुकानात येणाऱ्या लोकांकडून कळायचं. मी मान डोलवायचो. त्या गावाला मी पुन्हा गेलो नाही. पंप मात्र तीनतीनदा धुवायचो. धुतल्यावर झाकण उघडून वास घ्यायचो, आणि दर वेळी तो यायचाच.

चार वर्षांनी दुकानाचा माल सोडवायला नागपूरला लागून असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. आत एक बाई फुटक्या पोत्यांतलं सांडलेलं धान्य झाडत होती. तिनं मान वर केली.

"वळखलं का साहेब?"

मला पळून जावंसं वाटलं. पण तिथेच, ट्रकच्या आवाजात, मी सगळं सांगून टाकलं. ज्वारीचं औषध, एक बादली पाणी, पाण्याबद्दल बोललेलं ते वाक्य. माफी मागितली.

ती झाडू धरून ऐकत होती. "मले मालूम होतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलली होती ना जी. वावरातच बोलली होती. तुमी हसले."

ती पुन्हा झाडायला लागली. मग मान वर न करताच म्हणाली, "माही सून अजून तिथंच आहे. पाण्याले गेली का बाया घागरी बाजूले घेतात. अन् तुमी इथं पोत्याले सांगून राहिले."

त्या रविवारी आम्ही दोघं एकाच बसनं त्या गावाला गेलो. मी तोच जुना पंप सोबत घेतला होता. विहिरीजवळ मालक होता, पाणी भरणाऱ्या बाया होत्या, येणारेजाणारे थांबले. तिची सून घागर घेऊन लांब उभी होती. मी पंप खाली ठेवला आणि पाण्याबद्दल खोटं बोललो होतो असं सांगितलं.

मालक माझ्याकडे बघतच राहिला. "चार साल काय तोंड शिवलं होतं का गा?" तो म्हणाला. त्यानं मला साहेब म्हटलं नाही.

मी तिच्याकडे वळलो. ती हाताची घडी घालून उभी होती, विहिरीपासून चार हात दूर, जिथपर्यंत तिला येऊ देत होते तिथेच. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "बाई, पंप मी धुतला नव्हता. तुम्ही आणलेलं पाणी चांगलं होतं. तुम्ही मला वेळेवर सांगितलं आणि मी हसलो, आणि नंतर पीक बिघडलं तेव्हा दोष तुमच्यावर जाऊ दिला. चूक माझी होती, सगळी माझी. मला माफ करा."