दसऱ्याला ऐकलेलं घर

घर बघायला लोक डोळे घेऊन जातात. आम्ही आईचे कान घेऊन गेलो होतो.

आईला काचबिंदूनं गाठलं तेव्हा ती नांदगावला एकटी राहत होती. वडील तहसील कचेरीत कारकून होते, ते गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मी नाशिकला नोकरीला, लग्न न केलेली, भाड्याच्या खोलीत. आईचं दिसणं हळूहळू संपलं, तरी तिनं हातपाय गाळले नाहीत, कारण गल्ली तिला ऐकू येत होती. कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे जुंपलीय, शेजारीण आज भाकरी थापतेय की पोळ्या लाटतेय, हे सगळं तिला ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. त्यावर ती मतंही द्यायची, आणि ती फारशी गोड नसायची.

मग एकदा गॅसपाशी तिचा पदर पेटला. शेजारणीनं धावत येऊन विझवला म्हणून बरं. मी म्हटलं, आता पुरे, तू नाशिकला यायचं. तिनं चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी अट घातली.

"घर कसं का असंना. लहान असू दे, लांब असू दे. मला दिसत नाय, तर निदान ऐकू आलं पाहिजे. नायतर मी मेल्यातच जमा हाय."

नांदगावचं घर विकून माझ्या कर्जाला जोड द्यायची असं ठरलं. त्या हिशेबात बसणारे फ्लॅट शहराच्या टोकालाच मिळत होते. आडगावच्या बाजूला एक मिळाला. तळमजला, समोर छोटा पत्रा टाकलेला ओटा, आणि कंपाउंडच्या पलीकडे सर्व्हिस रोड सोडला की थेट हायवे. एजंट गोडबोल्या होता. मी आवाजाचं काढलं की तो लगेच बोलायला लागायचा, त्यामुळे आवाज किती आहे ते मला कधी नीट ऐकूच आलं नाही. "मॅडम, आठ दिवसांत कान बसतो, मग आवाज जाणवतच नाही," तो म्हणाला. आईच्या बाबतीत कान बसून चालणार नव्हतं, हे त्या बाबाला कसं सांगणार.

खरं म्हणजे मला तिथे आवाज जाणवला होता. पण इतकी वर्षं मिक्सर, डीजे आणि वरच्या मजल्यावरच्या ड्रिल मशीनमध्ये काढल्यावर माझ्या कानांचा मलाच भरवसा राहिला नव्हता. जिला तिथे राहायचंय तिनंच ऐकून ठरवावं, असं मी ठरवलं. आईला गाडीनं पुन्हा पुन्हा आणणं शक्य नव्हतं. एकच खेप करायची होती. आई म्हणाली, दसऱ्याला ने. साडेतीन मुहूर्तातला दिवस, पसंत पडलं तर तिथल्या तिथं टोकन देऊन टाकू. मलाही सुट्टी होती. एका फेरीत दोन्ही कामं होतात याचा मला आनंदच झाला.

आदल्या दिवशी आईला नाशिकला माझ्या खोलीवर आणलं आणि दसऱ्याला सकाळी आम्ही रिक्षानं निघालो. कुठेही गेलं की दिसेल ते आईला सांगायची मला सवय. त्या दिवशी तर सांगण्यासारखं खूप होतं. रस्त्याच्या कडेला धुऊनपुसून ओळीनं ट्रक उभे होते. टपाला झेंडूच्या माळा, बंपरला ऊस नि केळीचे खांब, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ड्रायव्हर नवे शर्ट घालून नारळ फोडत होते, एकमेकांना पेढे भरवत होते. मी सगळं रंगवून सांगितलं. आई खूश झाली. म्हणाली, "बघ, वर्षभर राबत्यात, आज त्यांना बी सुट्टी."

हे ती स्वतः म्हणाली. मी ऐकलं. आणि आम्हा दोघींच्याही डोक्यात पुढचा प्रकाश पडला नाही.

फ्लॅटच्या ओट्यावर एजंटनं प्लास्टिकची खुर्ची टाकली. आई बसली, पदर सावरला आणि मला म्हणाली, "त्याला जरा गप बसायला सांग." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी ती बोलली. मागच्या बिल्डिंगीत तान्हं बाळ आहे. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. वरच्या बाईंचा डावा पाय दुखतो. एजंट बघतच राहिला.

"रस्ता?" मी विचारलं.

"हाय. पण मधूनमधून. चालतंय. घे." तिनं माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि मी टोकन दिलं.

दिवाळीनंतर राहायला आलो. पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर गेले तर आई खुर्चीत अंग चोरून बसली होती. पुढे पुलाचा चढ आहे. लासलगावकडून कांदा भरून आलेला ट्रक तिथे गिअर टाकतो आणि घरातली भांडी थरथरतात. तो गेला की कंटेनर, तो गेला की बस, आणि मध्ये जी फट उरते तिच्यात हॉर्न. बाळ, गिरणी, वरच्या बाईंचा पाय, काहीच उरलं नव्हतं. आई म्हणाली, "त्या दिवशी एवढ्या गाड्या कुठं होत्या गं?"

विचारता विचारताच तिला उत्तर मिळालं होतं: त्या दिवशी गाड्यांना सुट्टी होती. तीच म्हणाली, "मीच म्हणाले, घे." त्यानंतर तिनं घराबद्दल एकदाही तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

विकायचं म्हटलं तर येणारा माणूस दारातच कपाळाला आठ्या घालतो. अजून एकही जण दुसऱ्यांदा आलेला नाही. मध्यंतरी दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. कारागिरानं त्या लावल्या आणि रस्ता खरोखर दबला. पण त्याबरोबर ट्रकांच्या मधून थोडंफार ऐकू यायचं तेही गेलं. भाजीवाला नाही, पाखरं नाहीत, जिन्यातली वर्दळ नाही. आई दोन दिवस त्या शांततेत बसली, मग म्हणाली, "पेटीत घातल्यासारखं वाटतंय. उघड." तेव्हापासून खिडक्या उघड्याच आहेत.

मी दिवसभर ऑफिसात असते. स्वयंपाकाच्या बाई सकाळी येऊन जातात. आई पूर्वीसारखी मतं देत नाही, कारण मत द्यायला काही कानावर पडलं पाहिजे. आधी ती मला विचारायची, आज काय काय झालं बाहेर. आता तेही विचारत नाही. घरात आल्यावर मोठ्यानं "आई, आले गं" म्हणायचं आणि मगच पुढे जायचं, एवढा एक नियम आम्ही पाळतो.

गेल्या आठवड्यात मला सर्दी होती आणि दुपारी ऑफिसातच आवाज पार गेला. मी लवकर घरी आले. किल्लीनं दार उघडलं. आई आतल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. ओळखू येईना असा चेहरा होता तिचा. वाट बघणाऱ्या माणसाचाही नाही, कुणाचाच नाही. दिवसभर ती अशी असते हे मला तेव्हा समजलं, आणि मला रडू आलं. मी "आई" म्हणायला तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली. बाहेरून ट्रक चालले होते. मी तशीच पुढे गेले.

तिला कसली तरी चाहूल लागली असावी. हललेल्या हवेची, काय माहीत. ती दचकून ताठ झाली. खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले.

"कोण हाय?"

मी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. घशातून घरघर तेवढी आली. तिचा हात धरावा म्हणून वाकले, तर ती मागे सरकली. भीती लपवत, परक्या माणसाशी बोलावं तसं ती ठासून म्हणाली, "माझी लेक घरातच हाय. आत झोपलीय. बोलावते, थांबा."

आणि माझ्याच तोंडावर तिनं मला जोरात हाक मारली.