देवघरातली बुडी

इगतपुरीजवळच्या धरणाचा दरवाजा तपासायला माझा भाऊ पाण्यात उतरला. पाण्याखाली त्याचं हृदय थांबलं. बरोबर उतरलेल्या जोडीदाराने त्याला वर आणलं. मला कॉलेजच्या लायब्ररीत फोन आला. मी घरी जाऊन आईला सांगितलं.

आई जेवली नव्हती. तो कामावर असला की ‘वर आलो’ असा त्याचा फोन येईपर्यंत ती जेवत नसे. त्या दिवशी तिचं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

त्याच्या वस्तूंबरोबर त्याचा डाइव्ह कॉम्प्युटर परत आला. मनगटावर बांधायचं, घड्याळाहून थोडं मोठं यंत्र. आपण किती खोल आहोत, खाली येऊन किती वेळ झाला, हे पाणबुड्याला त्यावरून कळतं. मी ते कपाटात ठेवलं होतं. आईने काढून देवघरात ठेवलं.

दर दसऱ्याला ती विळी, कात्री आणि माझ्या पेनाबरोबर त्याचीही पूजा करायची. भाऊ शेजारी उभा राहून म्हणायचा, “आई, टिळा लाव, लिंपू नकोस. ताईचं पेन बरं, त्याला जीव वाचवायचा नसतो.” पूजा झाली की तो यंत्र नळाखाली धरायचा.

“देवाचं धुतोस होय रे!”

“मग खाली गेल्यावर किती खोल आलो ते देवाला विचारू?”

या वर्षी घरात सण नव्हता. दाराला तोरण नव्हतं. तरी दसऱ्याच्या दुपारी आई हळद-कुंकू कालवत बसली. मी म्हटलं, “आई, यंदा नको.”

“सण मला नाही. त्याच्या हत्याराला आहे.”

तिने भरपूर लावलं. धुणारा कोणी नव्हता.

संध्याकाळी दिवा लावताना तिने मला हाक मारली. यंत्राचा स्क्रीन उजळला होता. त्यावर १.२ मीटर असा आकडा होता आणि खाली मिनिटं पुढे सरकत होती.

“हे काय सांगतंय?”

मी विचार न करता बोलून गेले, “किती खोल आहे ते.”

“कोण खोल आहे?”

 आई पाटावर बसली. “मला कळतं गं,” ती म्हणाली. “मीच त्याच्या अस्थी गंगेवर सोडून आलेय. पण हे खाली म्हणतंय, तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.”

मी सिन्नरला त्याच्या जोडीदाराला फोन लावला. दिवसकार्यानंतर आम्ही बोललोच नव्हतो. मी आकडा सांगितला. त्याने विचारलं, “जागा समुद्रापास्नं किती उंच हाय, ते सेटिंग कुणी बदललं का?” मग स्वतःच म्हणाला, “नाय, त्यानं एवढा फरक पडत नाय. ताई, मागं बारीक भोकं हायेत, बघा बरं. पाण्याचा दाब तिथूनच आत कळतो.”

भोकं लालपिवळी भरली होती. मी तसं सांगितलं. 

“दसरा,” तो म्हणाला. “दरसाली मला दाखवायचा. म्हणायचा, आई मला पाण्यात जाऊच द्यायची नाय, भोकंच बुजवते.” तो पुढे म्हणाला, “भोकांच्या आत दाब मोजायचा पातळ पडदा हाय, त्यावर हळद-कुंकू दाबून बसलंय. ओलं हाय म्हणून यंत्राला वाटतंय आपण पाण्यातच हाये. टाचणी नका घालू हां, पडदा लय नाजूक. जोरात फुंकू पण नका. कोमट पाण्यात ठेवा, आपोआप सुटंल.”

मी आईला ते सांगितलं. “पुन्हा पाण्यात?” ती म्हणाली. “नाही घालायचं.”

“भोकं मोकळी झाल्याशिवाय त्याला बाहेरची हवा कळणार नाही, आई.”

 मग उठून तिने पातेल्यात पाणी तापवलं आणि त्यात कोपर बुडवून पाहिलं. तान्ह्याच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं. यंत्र तिने स्वतः आत ठेवलं. पाणी लालसर झालं. आम्ही ते बदललं, पुन्हा बदललं. शेवटी तिने तिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने यंत्र टिपलं आणि हातात धरून बसली. आकडा उतरत गेला. मग शून्य झालं, आणि त्या जागी नवीन मिनिटं सुरू झाली.

“आता?”

“वर येऊन किती वेळ झाला ते.”

“वर आला म्हणजे.”

“हो.”

आईने ताट घेतलं. भात वाढून घेतला, वरण ओतलं. जेवताना ती रडत होती, पण पानात काही टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या पिंपात मी यंत्र मापाच्या टेपबरोबर दोरीने खाली सोडून पाहिलं. आकडा बरोबर आला. त्याच्या जोडीदाराला मी ते देऊ केलं. त्याने घेतलं नाही.

आता ते कपाटात आहे. आई दुपारी वेळेवर जेवते. ते प्रत्येक बुडीची नोंद ठेवतं; धरणातली बुडी त्यात अजून आहे, आणि तिच्यानंतर आमच्या देवघरातली, एक मीटर वीसची.